निबंधाचे गुणदान आणि निकषांचा प्रश्न

दलित साहित्याच्या चळवळीने मराठी समीक्षेला जो मूलभूत प्रश्न विचारला तो निकषांचा होता. लेखन चांगले की वाईट हे ठरविणारी मोजपट्टी कोणी बनविली, कोणाच्या जगण्यावरून बनविली, आणि ती आमच्या लेखनाला लावण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे आपण प्रस्थापितांना विचारले. तोच प्रश्न आता परीक्षेच्या दालनात विचारला पाहिजे, असे मला वाटते.

आज अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी निबंध संगणकावरून पाठवितो आणि अध्यापक पडद्यावर एक तक्ता उघडून गुण देतो. या तक्त्याला रूब्रिक म्हणतात. आडव्या ओळींत निकष असतात: विचार, मांडणी, भाषा, शुद्धलेखन. प्रत्येक निकषापुढे चढत्या पातळ्यांच्या चौकटी आणि त्यांचे गुण असतात. अध्यापकाने चौकट निवडायची. बेरीज प्रणाली करते. मूडल या प्रणालीत ही सोय २०११ पासून आहे.

या तक्त्याला सरसकट विरोध करणाऱ्यांत मी नाही. तक्ता नव्हता तेव्हा न्याय होता, असे मानणे भाबडेपणाचे आहे. १९६१ साली अमेरिकेत डिडेरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ जाणकारांकडून तपासून घेतले. प्रतवारीच्या ९ पायऱ्या होत्या. १०० पैकी ९४ निबंधांना निदान ७ वेगवेगळ्या पायऱ्या मिळाल्या! एकाला जो निबंध उत्तम वाटला तोच दुसऱ्याला टाकाऊ वाटला. ज्याला आपण 'अभिरुची' म्हणतो तिचे हे खरे रूप. अलिखित अभिरुचीशी भांडता येत नाही. लिहिलेल्या निकषाशी भांडता येते. शोषितांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

जातीचा मुद्दाही येथेच येतो. हॅना आणि लिंडन या संशोधकांनी भारतात १२० शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. मुखपृष्ठावर विद्यार्थ्याची जात, वय, लिंग ही माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घातली होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, 'खालची' जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले. आणि हा भेद उच्चवर्णीय शिक्षकांच्या नव्हे, तर खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्याच गुणदानात आढळला. हे वाचून आपल्याला त्रास होईल, आणि तो व्हायला हवा. व्यवस्थेची नजर आपल्याही डोळ्यांत शिरलेली असते. म्हणून उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकण्याची जी सोय या प्रणालींत आहे तिचे मी स्वागत करतो.

परंतु नाव झाकले तरी भाषा झाकता येत नाही. समजा, विषय आहे 'पाणी आणि समता'. एक विद्यार्थी १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहावर लिहितो. चवदार तळे सार्वजनिक असूनही अस्पृश्यांना बंद का होते आणि कायद्याने दिलेला हक्क समाज कसा नाकारतो, हे तो स्वतःच्या बुद्धीने मांडतो. मात्र तो आपल्या घरच्या बोलीत 'पानी' लिहितो. प्रत्येक निकषाला १ ते ४ गुण आहेत. विचाराला त्याला ४ मिळतात. मांडणीला २, कारण परिच्छेद ठरीव पद्धतीने पाडलेले नाहीत. भाषेला १, कारण ती 'प्रमाण' नाही. शुद्धलेखनालाही १, कारण 'ण'च्या जागी 'न' आहे. म्हणजे एकाच अक्षराचा दंड दोन ओळींत दोनदा वसूल झाला. बेरीज १६ पैकी ८.

आता यंत्राचे गणित पाहा. १६ पैकी ८ म्हणजे १०० पैकी ५०, असे कोणीही म्हणेल. मूडलमध्ये याविषयी एक पर्याय असतो. तो एका बाजूस ठेवला तर ५० च येतात. दुसऱ्या बाजूस ठेवला तर प्रत्येक ओळीतील किमान गुण म्हणजे शून्य धरले जाते: ८ मधून ४ वजा, १६ मधून ४ वजा, म्हणजे १२ पैकी ४. उत्तर येते ३३. उत्तीर्ण होण्यास ३५ लागत असतील तर हा विद्यार्थी नापास! आणि याच हिशेबात भाषा व शुद्धलेखन यांची एकच ओळ केली असती, तर ९ पैकी ४, म्हणजे ४४ होऊन तो उत्तीर्ण झाला असता. विचार तोच, निबंध तोच, तपासणाराही तोच. निकाल बदलला तो तक्ता आखणाऱ्याने आणि एका खुणेने. हा निर्णय कोणत्या सभेत झाला? त्यावर कोणाची सही आहे?

हा दंड नवा नाही. जोतीरावांच्या लेखनावर 'निबंधमाले'त टीका करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी केली होती. व्याकरणाकडे बोट दाखविले की आरोपाचे उत्तर देण्याची निकड उरत नाही. हीच युक्ती आज दोन ओळींच्या रूपाने तक्त्यात बसली आहे. फरक इतकाच की चिपळूणकर आपल्या नावाने लिहीत होते. तक्त्याला नाव नसते.

कोणी म्हणेल, मग मुलांनी प्रमाण मराठी शिकूच नये काय? शिकावी, आणि आम्ही ती शिकवावी. नोकरीच्या अर्जात आणि न्यायालयातल्या कैफियतीत तिची गरज पडते. पण शिकविणे वेगळे आणि विचाराच्या परीक्षेत तिच्या नावाने विचार बुडविणे वेगळे. भाषेची परीक्षा घ्यायची तर ती उघडपणे, वेगळी घ्यावी.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, तक्ता विद्यार्थ्यांना लिहिण्यापूर्वी दाखवावा. तशी सोय प्रणालीत आहे, ती बंद ठेवू नये. दोन, एका दोषाला एकच ओळ. तीन, गुणांच्या हिशेबाची पद्धत विभागाच्या बैठकीत ठरावी व फलकावर लागावी. चार, प्रत्येक निकषापुढे शेरा लिहिण्याची जागा असते; अध्यापकाने तेथे कारण लिहावे, नुसती चौकट निवडून मोकळे होऊ नये. पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, तक्ता आखताना विद्यार्थी प्रतिनिधी बसावेत, आणि त्यांत पहिल्या पिढीचे शिकणारे असावेत.

विद्यार्थी संघटनांनी फेरतपासणीचे अर्ज भरण्यावरच थांबू नये. फेरतपासणीत त्याच तक्त्याने पुन्हा मोजले जाते. मागायचा आहे तो तक्ता, आणि विचारायचा आहे तो त्यातील प्रत्येक ओळीचा आधार. साहित्यात आपण हे केले, म्हणून मराठी साहित्याला आपल्या जगण्याची दखल घ्यावी लागली. परीक्षेत ते केल्याशिवाय 'पानी' लिहिणाऱ्याचा विचार कोणी वाचणार नाही.