नळदुर्ग जिल्हा आणि कंटिंजंटचा रिसाला : मेडोज टेलरच्या आत्मवृत्ताचे परीक्षण

धाराशिव जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासाचा विषय निघाला की कर्नल मेडोज टेलर याचे नाव आल्यावाचून राहत नाही. तुळजापूरच्या भूमीवर कथानक उभारलेली 'तारा' ही त्याची कादंबरी १८६३ साली निघाली. त्याचे आत्मवृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली त्याच्या कन्येने प्रसिद्ध केले. १८५३ ते १८५७ ही चार वर्षे तो नळदुर्ग येथे डेप्युटी कमिशनर होता. त्या काळासंबंधी हे आत्मवृत्तच मुख्य आधार म्हणून पुढे केले जाते. तो आधार कोठवर पेलतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम ग्रंथाचा गुण सांगणे न्यायाचे आहे. टेलर १८२४ पासून निजामाच्या फौजेत वाढलेला, येथील भाषा बोलणारा आणि रयतेत मिसळणारा अधिकारी होता. जमिनीची मोजणी, रस्ते आणि गावोगावचा वसूल यांविषयी तो जे लिहितो, ते स्वतः पाहून व करून लिहितो. त्याच्या लेखणीत तुच्छता नाही. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ग्रंथांत हा गुण विरळा होता. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रत्यक्षाच्या बाबतीत तो आप्त आहे, आणि तेवढ्यापुरते त्याचे वाक्य प्रमाण मानण्यास आमची हरकत नाही.

परंतु तो नळदुर्गास आलाच कशासाठी? या प्रश्नापाशी आत्मवृत्ताचा स्वर बदलतो. निजामाचे राज्य कर्जात बुडाले, म्हणून जिल्हे इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले, असा वाचकाचा ग्रह होतो. ते कर्ज कशाचे, हे मात्र नीट विचारले जात नाही. ते मुख्यतः कंटिंजंट फौजेच्या पगाराचे होते. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दीत उभ्या राहिलेल्या पलटणींपासून वाढत गेलेली ही फौज निजामाच्या नावाची, निजामाच्या खर्चाची, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकुमातील होती. १८०० च्या तहाने शांततेच्या काळी अशी फौज बाळगण्याचे बंधन निजामावर येत नाही, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसी यानेच मान्य केले होते. तरीही थकबाकीची मागणी सुटली नाही. ता. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख तोडून देण्यात आला. या मुलुखांचा आकार सुमारे ५० लक्ष रुपये धरला होता. त्यातून ५,००० पायदळ, २,००० स्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या पोसावयाच्या होत्या. तात्पर्य, नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर हा रयतेच्या दृष्टीने सुधारक असेल. तहाच्या दृष्टीने तो रिसाल्याच्या पगाराचा वसुली अधिकारी होता. एकाच माणसाची ही दोन्ही रूपे खरी आहेत. आत्मवृत्तात पहिले ठळक, तर दुसरे पुसट दिसते.

आता ज्या रिसाल्यासाठी हा वसूल चालला, तो युद्धप्रसंगी कोठे गेला ते पाहू. या रिसाल्याची एक मोठी छावणी आमच्या शेजारीच मोमिनाबाद, म्हणजे आंबाजोगाई, येथे होती. १८५७ च्या जून महिन्यात तेथून औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) नेलेल्या पहिल्या रिसाल्यात, आपणांस दिल्लीच्या बादशहावर चालून जावे लागणार या वार्तेने बेदिली झाली. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि बंडखोरांस देहान्त शिक्षा झाल्या. उरलेल्या कंटिंजंटच्या तुकड्या मेजर ऑर याच्या हाताखाली माळव्यात उतरल्या. धार आणि मंदसोर येथील लढायांनंतर त्या सर ह्यू रोज याच्या सैन्यास मिळाल्या. १८५८ सालच्या झांशी, कोंच, काल्पी आणि ग्वाल्हेर या मोहिमेत हे दक्षिणेचे स्वार इंग्रजांच्या बाजूने लढले. समोर राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे होते.

हे तहाच्या अक्षराबाहेर घडले असे आम्ही म्हणत नाही. युद्धात सहायक फौज व कंटिंजंट यांखेरीज निजामाकडे अधिक सैन्य मागावयाचे नाही, असेच १८५३ चे कलम होते. पण भवानीच्या तुळजापूर परगण्यातील ज्वारीच्या शेताचा सारा झांशीच्या तटाखाली लढणाऱ्या स्वाराच्या पगारात गेला, ही गोष्ट जिल्ह्याच्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे. टेलर त्या वेळी वऱ्हाडात बुलढाण्यास होता. जवळ फौज नसता आपण तो प्रांत शांत राखला, आणि जनरल व्हिटलॉकच्या सैन्यास ओढीची गुरे जमवून दिली, हे तो अभिमानाने सांगतो. नळदुर्गच्या पैशाची वाट मात्र तो शोधीत नाही.

पूर्वपक्ष असा येईल : जिल्हा सुखी झाला, वसूल वाढला, मग तक्रार कशाची? यावर उत्तर तहांतच आहे. १८५३ च्या तहाप्रमाणे दरसाल जमाखर्च निजामास दाखवावयाचा आणि शिल्लक उरल्यास ती परत द्यावयाची होती. १८६० च्या डिसेंबरातील तहाने ५० लक्षांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब व नळदुर्ग परत मिळाले. पण त्याबरोबरच, मागील वा पुढील कोणताही हिशेब मागावयाचा नाही, असे निजामाकडून लिहून घेतले गेले. ज्याचा हिशेब मागण्याचा हक्कच काढून घेतला, त्या कारभाराच्या उत्कर्षाला कारभाऱ्याचीच साक्ष पुरेशी मानणे हा शब्दप्रमाणाचा अतिरेक होय.

दुसरी साक्ष पलटणींच्या इतिहासांची. १९०३ साली कंटिंजंट वेगळी फौज म्हणून मोडली. तिचे रिसाले हिंदी सैन्यात विसावा डेक्कन हॉर्स, एकोणतिसावा लान्सर्स व तिसावा लान्सर्स या नावांनी गेले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्सात सोमच्या रणांगणावर हाय वुडपाशी विसाव्या डेक्कन हॉर्सने भाल्यांनिशी हल्ला चढविला. १९२१ मध्ये विसावा व एकोणतिसावा हे एक झाले. दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण रणगाडे घेऊन ब्रह्मदेशात लढली. त्या स्वारांचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु त्या परंपरेत 'मध्य हिंदुस्थान' हा १८५८ चा मान मिरविला जातो, आणि ज्या मुलुखांनी त्या वर्षीचा पगार भरला त्यांचा उल्लेख तेथे येत नाही.

आमचा निर्णय असा की टेलरचे आत्मवृत्त नळदुर्गच्या रस्त्यांकरिता, मोजणीकरिता आणि लोकस्थितीकरिता अवश्य वाचावे. जिल्हा इंग्रजांकडे का गेला व त्याचा वसूल कोठे गेला, याकरिता १८५३ आणि १८६० चे दोन तह त्याच्या शेजारी उघडे ठेवून वाचावे. मोडी दप्तरांत ज्या गावांचे ताळेबंद आढळतील त्यांत १८५३ पूर्वीचा व नंतरचा आकार ताडून पाहण्याचे काम जिल्ह्यातील अभ्यासकांनी हाती घ्यावे. तहाने निजामाचे तोंड बंद केले. संशोधकास त्या कलमाचे बंधन नाही.