‘रॉक मशीन’चा पहिला संग्रह : अनुकरण आणि स्वतंत्र रचना

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाची स्थापना १९८४ साली झाली आणि ‘रॉक ’न’ रोल रेनेगेड’ हा त्याचा पहिला ध्वनिमुद्रित संग्रह १९८८ साली प्रसिद्ध झाला. उदय बेनेगल हे वृंदाचे गायक व महेश तिनईकर हे गिटारवादक. या संग्रहाविषयी दोन परस्परविरुद्ध मते संभवतात. येथे भारतीय रॉक संगीतातील स्वतंत्र रचनेचा आरंभ झाला, हे एक. आणि भाषा, वाद्ये व आविर्भाव या तिन्ही अंगांनी हे पाश्चात्त्यांचे अनुकरणच होय, हे दुसरे. दोन्ही मते अंशतःच ग्राह्य आहेत.

पहिल्या मतात अतिशयोक्ती आहे. ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या तबकड्यांवर परकीय गीतांबरोबर स्पर्धक वृंदांच्या स्वतःच्या रचनाही आढळतात. तथापि त्या तुरळक होत्या. हॉटेले व महाविद्यालयीन महोत्सव यांतून गाजलेली परदेशी गीते वाजविणे हाच या वृंदांचा मुख्य व्यवसाय होता, आणि वादन मूळ तबकडीच्या जितके जवळ, तितके ते उत्तम, असा श्रोत्यांचा निकष होता.

दुसऱ्यांची गीते गाणे हे मुळात हीन आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या दक्षिणेस फार दूर जावयास नको. राजपुरी खाडीवरील आगरदांडा हे मुरूड तालुक्यातील बंदर ज्या रायगड किनाऱ्यावर वसले आहे, तेथील आगरी-कोळी समाजांत धवलारीण लग्नाची गाणी म्हणते. ही गाणी तिने रचलेली नसतात आणि त्यात तिला किंवा ऐकणाऱ्यांना काही उणे वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गाणे प्रत्येक घरच्या प्रसंगाला लावून घेतले जाते. वधूवरांची नावे त्यात गुंफली जातात. येथे पुनरुक्ती हेच गीताचे जीवन होय. उलट हॉटेलातील वादकाला गीतात बदल करण्याची मोकळीक नव्हती. बदल म्हणजे चूक. परंपरा आणि नक्कल यांतील भेद येथे स्पष्ट होतो : पहिलीत गाणाऱ्याला गीतावर हक्क असतो, दुसरीत नसतो.

या दृष्टीने पाहता दुसऱ्या मताचाही फेरविचार करावा लागतो. इंग्रजीत गाणे हाच दोष मानणे न्याय्य नव्हे. मुंबईच्या एका वर्गाची ती नित्य व्यवहाराची भाषा आहे. शिवाय ‘मी डोलकर’ हे लोकप्रिय कोळीगीत लिहिणाऱ्या शान्ता शेळके कोळी समाजातील नव्हत्या. म्हणजे जन्म आणि बोली यांवरून गीताचे खरेखोटेपण ठरत नाही. संग्रहाचे उणेपण अन्यत्र आहे. त्याचा संगीतबंध त्या दशकातील इंग्रजी-अमेरिकी ‘हार्ड रॉक’चा आहे, आणि शीर्षकातला बंडखोरही त्याच मुलखातून आलेला आहे. ‘रेनेगेड’ म्हणजे स्वपक्षाचा त्याग करणारा. त्याने कोणता पक्ष सोडला, हे त्या ऐटबाज नावातून उमगत नाही.

परंतु जे शीर्षकाने सांगितले नाही, ते संग्रहाच्या अस्तित्वाने सांगितले. ओळखीच्या गीतांची मागणी करणाऱ्या श्रोत्यांपुढे अनोळखी स्वरचित गीत ठेवणे, हेच या वृंदाचे खरे बंड होते. उपग्रह दूरदर्शन १९९१ साली भारतात पोहोचले. त्यापूर्वीच हे धाडस झाले, ही गोष्ट त्याचे मोल वाढविते. त्याने गीतावरचा हक्क मिळविला. त्या हक्काने काय सांगावयाचे, हे मात्र अद्याप ठरले नव्हते.

हा प्रश्न वृंदाच्या पुढील वाटचालीतही दिसतो. १९९० च्या ‘द सेकंड कमिंग’ या दुसऱ्या संग्रहानंतर, १९९३ साली त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. यंत्राचे नाव टाकून सिंधू नदीचे नाव घेण्यात आपले ठिकाण सांगण्याची निकड उघड आहे. म्हणून १९८८ च्या संग्रहाला कळस म्हणणे जितके चूक, तितकेच त्याला केवळ अनुकरण म्हणून बाजूस सारणेही चूक ठरेल.