दोन दिवस, एक रात्र, एक वाघ

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून चार मित्र आले. मी सेलूचा, म्हणून प्लॅन माझ्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला मजकूर असा होता : पहिला दिवस – सकाळी सेवाग्राम, दुपारी पवनार, संध्याकाळी केळझरचा गणपती. दुसरा दिवस – पहाटे बोरधरण गेट, जिप्सी, वाघ. जेवण. परत. चौघांचेही लगेच थम्स-अप आले.

वाघ दिसला नाही. परतताना हिंगणीच्या बाजूला मामाकडे चहाला थांबलो. मामांनी विचारलं, "काय पाह्यलं मंग?"

"काहीच दिसलं नाही, मामा."

मामा हसले. "तीन घंटे जंगलात होते, अन् काहीच नाही पाह्यलं?"

घरी येऊन मी तो मेसेज पुन्हा उघडला आणि एखादी कथा वाचावी तसा वाचला. कथा म्हणून तो फारच वाईट होता. नायक आधीच ठरलेला. तो आला नाही तर गोष्टच नाही. नीलगाय, मोर, सागाची पानगळ, धरणाचं पाणी हे सगळं नेपथ्य. संस्कृती पहिल्या दिवशी, निसर्ग दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये एक रात्र झोप. या अख्ख्या मजकुरात माणूस एकही नव्हता.

माणूस खरं तर त्या दोन दिवसांच्या मधोमध उभा आहे. बोर १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. देशातला सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्प म्हणून त्याची ओळख झाली. पण त्याआधी कितीतरी पिढ्या या रानात गुरं चरली. आर्वी-कारंजाकडचे नंदगवळी, त्यांची पांढरी, चपळ गवळाऊ गाय, दही-तूप, चराईच्या वाटा. मामाही लहानपणी गुरांमागे याच रानात फिरले. आज त्यांना आत जायचं तर माझ्यासारखंच तिकीट काढावं लागेल. वाघाला निवांत जागा हवी, हे मलाही पटतं. पण माझ्या प्लॅनमध्ये गवळाऊ गाय कुठे लिहायची, पहिल्या दिवशी की दुसऱ्या? तिला जागाच नव्हती, म्हणून मामांनाही नव्हती.

मराठीतलं चांगलं जंगललेखन ही वाटणी करत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' घ्या. माडगूळकर त्या जंगलात जाऊन राहिले आणि राहण्यातून जे दिसलं ते लिहिलं. पुस्तक वाघाच्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात ३६ वर्षं होते. त्यांच्या नवेगावबांधच्या लेखनात माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा माणूस पाखरांइतकाच ठळक आहे. स्थानिक माणसांनी दिलेले शब्द हे चितमपल्लींच्या लेखनाचं भांडवल. रानाला बोली असते आणि ती कुणाच्या तरी तोंडी असते, हे मला त्यांनी शिकवलं.

तरीही माझी एक तक्रार आहे. माडगूळकर माणदेशातले, चितमपल्ली सोलापूरचे. दोघंही बाहेरून आले, प्रेमाने आले, पण लेखणी त्यांच्याच हाती राहिली. पाटलांसारखा एखादा सोडला, तर गुराखी आणि वाटाड्या बहुतेकदा माहिती देतो आणि पानाआड जातो. त्याला त्या रानाबद्दल काय वाटतं, त्याचं रान गेलं तेव्हा काय वाटलं, हे फारसं येत नाही. मी त्या पुस्तकांवर वाढलो आणि प्लॅन लिहिताना त्यांच्यातला हाच दोष तेवढा उचलला. राहणं आणि ऐकणं मात्र सोडून दिलं.

नावांचंच बघा. बोरच्या वाघिणीचं नाव कॅटरिना, वाघाचं बाजीराव. नाव सिनेमाचं पडलं की बघणंही सिनेमासारखं होतं. आपण स्टार बघायला जातो. बाजीराव २०१७च्या डिसेंबरअखेर बाजारगावजवळ महामार्गावर गाडीच्या धडकेत मेला. त्याचं रान गेटपाशी संपत नव्हतं. आपली गोष्ट मात्र गेटपाशीच संपते, त्यामुळे हा महामार्ग कुणाच्याच प्लॅनमध्ये नसतो. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोष चालकांवर, गाईडवर आला. पण "वाघ दिसलाच पाहिजे" हे वाक्य त्यांच्या आधी आपण लिहिलेलं असतं. मीही लिहिलं होतं.

वेगळा मजकूर शक्य आहे का? पेरूच्या अ‍ॅमेझॉनमध्ये, तांबोपाता नदीकाठी, इन्फिएर्नो नावाची वस्ती आहे. तिथल्या एसे एहा आणि इतर कुटुंबांनी १९९६ साली एका पर्यटन कंपनीशी २० वर्षांचा करार केला. लॉज मिळून चालवायचं, नफ्यातले ६० टक्के गावाचे, ४० कंपनीचे, आणि निर्णयात गाव बरोबरीने. तिथेही 'संस्कृती' तिकीट लावून दाखवायचा खेळ होऊ शकतो, हा धोका आहेच. पण काय दाखवायचं आणि काय नाही, हे ठरवताना तिथला माणूस खोलीत असतो. माझा प्लॅन लिहिला गेला तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

या उन्हाळ्यात मित्र पुन्हा येणार आहेत. या वेळी मेसेज टाकायच्या आधी मामांकडे गेलो आणि विचारलं, कुठं न्यावं? त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "आधी सकाळी गोठ्यात आना त्याइले. मंग धरनाच्या काठानं पायी जाऊ, गेटाच्या भाईर. कोन्तं झाड कवा फुलते ते सांगतो."

"आणि वाघ?"

"त्याले फुरसत असन तं येईन."

मी तेवढंच टाइप केलं. दोन थम्स-अप आले आहेत. दोघांनी विचारलंय, सफारी कॅन्सल का? त्यांना काय उत्तर द्यायचं, ते अजून लिहितो आहे.