चिकटवही

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली काढली, की साफसफाई तिथेच थांबते, हा बहुतेक घरांचा अनुभव असावा. यंदा आमच्या ट्रंकेतून आईची चिकटवही निघाली. मूळची ती जमाखर्चाची वही. पहिल्या चार पानांवर वाण्याचा हिशेब तसाच आहे. पुढे मात्र लग्नपत्रिकांवरचे गणपती, चहाच्या पुड्यांची वेष्टने, बसची तिकिटे, आकाशकंदिलातून उरलेले पतंगी कागद, असा सारा पसारा कणकेच्या खळीने चिकटवलेला. एका पानावर तिने वाण्याच्या बिलांचे तुकडे एकावर एक लावून घाट उभा केला आहे आणि त्या घाटातून एक लाल तिकीट एस. टी.च्या गाडीसारखे चढते आहे. ‘कोलाज’ हा शब्द तिच्या कानावरून कधी गेला नसावा. कुणी विचारलेच तर म्हणायची, ‘पोरखेळ आहे झालं!’

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो खरे. पण एखाद्या कामाला ‘हौशी’ म्हटले, की त्याचे मोल आपण ताबडतोब उतरवतो. कोलाजच्या इतिहासातही हेच झाले. हा इतिहास बहुधा १९१२ पासून सांगतात. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणकामाचा छाप असलेले मेणकापड चित्रात चिकटवले, ब्राकने लाकडाच्या रेषांचा छाप असलेला भिंतीचा कागद वापरला, आणि चित्रकलेचे नवे पर्व सुरू झाले. यात खोटे काही नाही. फक्त त्याच्या एकशेचाळीस वर्षे आधी कागद कातरून काळ्या पानांवर फुले उमलवणारी एक म्हातारी या इतिहासाच्या उंबऱ्याबाहेरच बसून राहते.

मेरी डिलेनी १७०० साली इंग्लंडात जन्मली. सतराव्या वर्षी घरच्यांनी तिचे लग्न साठीच्या घरातल्या एका जमीनदाराशी लावून दिले. तो वारल्यावर पुष्कळ वर्षांनी तिने आपल्या पसंतीने एका आयरिश धर्मोपदेशकाशी संसार थाटला. १७६८ मध्ये तोही गेला. पुढे १७७२ साली, बहात्तराव्या वर्षी, बल्स्ट्रोड येथे पोर्टलंडच्या डचेसकडे ती राहत असताना जिरेनियमच्या पाकळीचा आणि जवळ पडलेल्या एका लाल कागदाचा रंग तंतोतंत जुळतो, असे तिच्या ध्यानात आले. तिने कात्री घेतली. कातरलेल्या पाकळ्या डचेसला खऱ्याच वाटल्या, असे सांगतात. त्यानंतर दहा वर्षांत तिने ९८५ फुले केली. एका कृष्णकमळात तर पाकळ्यांचे दोनशेहून अधिक तुकडे आहेत! हजाराचा आकडा गाठायची तिची इच्छा होती. १७८२ च्या सुमारास दृष्टीने दगा दिला आणि पंधरा फुले राहून गेली. १८९७ पासून ही सारी फुले ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

ही गोष्ट सांगताना लोक तिच्या वयाचा चमत्कार करतात. मला तो चमत्कार वाटत नाही. बाईने जन्मभर भरतकाम केले होते, शिंपल्यांची नक्षी केली होती, बागेतली झाडे निरखली होती. ती बोटे बहात्तर वर्षे तयारच होत होती. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. ही फुले तिच्याकडे कुणी मागितली नव्हती. ती विकायची नव्हती, की तिला कुणाच्या परीक्षेला बसायचे नव्हते. तरीही काम इतके काटेकोर, की एका पानाच्या शिरेसाठी हिरव्याच्या चार-पाच छटा. खेळात ढिलाई चालते, हा आपला मोठा गैरसमज आहे. लगोऱ्या रचणाऱ्या पोराचा चेहरा पाहावा. त्याच्याइतका गंभीर चेहरा कचेरीतही दिसत नाही.

मात्र एक खरे. डिलेनीच्या फुलात शिरल्यावर कागद आपण कागद असल्याचे विसरतो. तिची कसबाची बाजू मोठी, पण खोडकरपणा कमी. तो हवा असेल तर कुर्ट श्विटर्सकडे वळावे. हानोव्हरचा हा जर्मन ट्रामची तिकिटे, पाकिटे, वेष्टने, जे हाती लागेल ते चिकटवीत असे. एका बँकेच्या नावातला ‘कोमर्झ’ हा शब्द कापताना ‘मर्झ’ एवढाच तुकडा उरला. १९१९ पासून त्याने आपल्या साऱ्या कलेला तेच निरर्थक नाव देऊन टाकले. त्याच्या चित्रात तिकीट हे तिकीटच राहते. त्याच्यावरचा आकडा दिसतो, कंडक्टरने पाडलेले भोक दिसते, आणि तरीही शेजारच्या निळ्या तुकड्यामुळे ते एकाएकी देखणे होऊन बसते. नात्सींनी त्याची चित्रे ‘भ्रष्ट कला’ म्हणून टांगली. तो १९३७ मध्ये नॉर्वेला आणि १९४० मध्ये तिथून इंग्लंडला पळाला. इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत कोंडले, तर तिथे त्याने न्याहारीच्या ओटच्या लापशीची शिल्पे केली. त्यांना बुरशी आली म्हणतात! पुढे अँबलसाइडला तो पोटासाठी लोकांची तसबिरी-चित्रे रंगवी आणि स्वतःसाठी चिठोरे चिकटवी. १९४८ मध्ये तो वारला. आज लोक शोधत जातात ते त्या चिठोऱ्यांना.

आईची वही या दुसऱ्या घराण्यातली.

हल्ली दुकानात कोलाजचे तयार संच मिळतात. तुकडे आधीच कातरलेले, पुठ्ठ्यावर आकडे घातलेले. सातव्या जागी सातवा तुकडा लावायचा. चित्र बिघडण्याची भीती नाही, अशी त्यांची ग्वाही असते. ती खरीच आहे, कारण बिघडवण्याजोगे हातात काही ठेवलेलेच नाही. या छंदाची सगळी गंमत आहे ती तुकडा अजून चिकटवला नाही, खळ वाळली नाही, तो इकडे सरकवावा की तिकडे, या पाच मिनिटांत. चित्र काढता न येणाऱ्यालाही ती पाच मिनिटे मिळतात. हात तयार नसला तरी चालतो, डोळा मात्र उघडा लागतो. संच नेमकी तीच पाच मिनिटे काढून घेतो आणि उरलेली मजुरी पैसे घेऊन आपल्याला देतो.

पण संचवाल्यांना नावे ठेवणाऱ्या मी तरी काय केले? घाटाचे ते पान आईने केले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि चित्रकलेवरची दोन पुस्तके नुकतीच वाचून बसलो होतो. तिने कौतुकाने पान पुढे केले. मी म्हणालो, ‘आई, उजवी बाजू जड झालीये गं. तोल गेलाय चित्राचा.’ ती ‘हो का?’ म्हणाली, वही मिटली आणि कुकर बघायला आत गेली. त्यापुढची पाने कोरी आहेत. मोजली, एकसष्ट भरली.

परवा ते पान पुन्हा पुष्कळ वेळ पाहिले. उजवी बाजू जडच आहे. घाट तिकडे आहे.