पेण-रोह्यात विक्का शिकायचं, तर काय वाचायचं?

विक्का शिकू पाहणाऱ्यांच्या हाती बहुतेकदा आधी येतं ते स्कॉट कनिंगहॅमचं ‘विक्का : अ गाइड फॉर द सॉलिटरी प्रॅक्टिशनर’. १९८८चं पुस्तक. गुरू नको, मंडळ नको, एकट्यानेही सुरुवात करता येते, असं ते सांगतं. पेण किंवा रोह्यात बसून मोबाइलवर वाचणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? भाषा सोपी, सूर प्रेमळ, घाबरवणं अजिबात नाही. पुस्तक चांगलंच आहे. पण इथे वाचताना ते दोन जागी अडतं.

पहिली जागा सणांची. विक्काचे आठ सण युरोपातल्या ऋतूंवर बेतलेले आहेत. २१ जूनच्या सुमारास तिकडे सूर्याचा उत्सव. आपल्याकडे तेव्हा आभाळ भरून आलेलं आणि शेतात भाताची रोपं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकडे थंडी सरायची वाट पाहतात. आपल्याकडे वालाच्या शेंगा भरलेल्या असतात आणि भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लागते. निसर्गाची उपासना शिकायची आणि निसर्ग मात्र दुसऱ्याचा, हे काही जमत नाही. त्यापेक्षा वर्षभर एक वही ठेवा: पाऊस कधी आला, लावणी कधी झाली, पौर्णिमेचा चंद्र कुठल्या डोंगरामागून वर आला. विधी जसाच्या तसा करा, असा कनिंगहॅमचाही हट्ट नाही.

दुसरी जागा जास्त अवघड आहे. ती शब्दाची. इंग्लंडमधला १७३५चा चेटूकविषयक कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये गेराल्ड गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. पुढे ‘विच’ हे लोक स्वतःहून, अभिमानाने घेऊ लागले. मराठीत ‘चेटकीण’ स्वतःला कोण म्हणवून घेतं? तो शब्द दुसऱ्यावर फेकला जातो.

म्हणून दुसरं पुस्तक सुचवतो: आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५मध्ये काढलेला ‘फोकलोअर नोट्स’चा कोकण खंड. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता, आणि त्या कुलाब्याच्याही नोंदी त्यात आहेत. माहिती पुरवली ती गावोगावच्या शाळामास्तरांनी. चेटकावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यात चेटकीण ठरवलेली बाई स्वतः बोलत नाही. तिच्याबद्दल इतरच बोलतात. कनिंगहॅममध्ये ‘मी’ आहे, इथे फक्त ‘ती’. हा फरक आजही मिटलेला नाही. अमुक माणूस करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं नकोसं करणं, हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलाय, तो उगाच नव्हे.

तिसरं पुस्तक रोनाल्ड हटन या इतिहासकाराचं, ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’, १९९९चं. विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेला धर्म आहे, हे त्यात नीट उलगडलंय. नवं असणं हा दोष नाही. पण हे माहीत असलं की ‘हजारो वर्षांची गुप्त विद्या’ म्हणून फी मागणाऱ्याला नाही म्हणता येतं.

क्रम विचाराल तर आधी हटन, मग एन्थोव्हेन, शेवटी कनिंगहॅम. मेणबत्ती लावायला घाई नाही. आपण हौसेने मिरवतो तो शब्द शेजारच्या वाडीत एखाद्या म्हातारीचं घर सोडायला लावू शकतो, एवढं कळल्यावर ती लावावी.