दगडी कोळसा, लाकडी कोळसा

यवतमाळ जिल्ह्यातलं वणी हे ऐकणारं गाव आहे. राम शेवाळकर इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि त्यांच्या वक्तृत्वाने या गावाच्या कानाला जी सवय लावली ती अजून टिकून आहे. व्याख्यान असलं की सतरंजीवर जागा धरायला माणसं वेळेआधी येतात. वक्ता घसरला तर घरी जाताना त्याची चिरफाड होते, चांगला बोलला तर आठवडाभर त्याची वाक्यं फिरतात. शब्दासाठी इथे नगर वाचनालय आहे, व्यासपीठ आहे, आणि चोखंदळ श्रोता आहे. चित्रासाठी यातलं काय आहे, असा प्रश्न मी गेली काही वर्षं स्वतःला विचारतो आहे.

चित्रं लागतच नाहीत असं मुळीच नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात लागतात, एखाद्या जयंतीला लागतात, मंगल कार्यालयाच्या सभागृहात दोन दिवसांपुरती लागतात. पण त्यांची रीत ठरून गेलेली आहे. कनातीला दोरी बांधून चित्रं टांगायची, पाहुण्यांनी फीत कापायची, पाहुण्यांबरोबर गर्दीने एक फेरी मारायची, मग भाषणं, स्मृतिचिन्हं, चहा. दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात पंखा फिरत असतो आणि चित्रकार एकटा खुर्चीवर बसलेला असतो. तिसऱ्या दिवशी लग्नाचं बुकिंग. उद्घाटन हाच कार्यक्रम आणि चित्रं त्याची सजावट, असं उलटं होऊन बसलं आहे. चित्र पाहायला पुन्हा यावं लागतं, एकदा पाहून ते कळत नाही. ही साधी गोष्ट दोन दिवसांच्या मांडवात साधत नाही.

याचं मूळ शोधायला फार लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत चित्रकलेची सरकारमान्य ओळख म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. या परीक्षांनी फार मोठं काम केलं आहे हे मी मनापासून मानतो. ज्या घरात रंगाची पेटी कधी आली नसती त्या घरात ती ड्रॉइंगच्या सरांमुळे आली. पण इंटरमिजिएट झालेल्या मुलीने पुढे काय पाहायचं? दहावीला ग्रेडचे वाढीव गुण मिळाले की पेटी माळ्यावर जाते. जिची पेटी माळ्यावर जात नाही तिला नागपूर गाठावं लागतं. शाळेचा कागद आणि मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी यांच्यामध्ये जी पायरी हवी, ती आपल्याकडे बांधलीच गेली नाही. १९५२ पासून जहांगीर हे मराठी चित्रकाराचं पंढरपूर होऊन बसलं आहे. तिथली तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षं थांबणारे लोक आहेत, आणि आठवडाभर तिथे चित्रं लागली की चित्रकार ‘झाला’ असं गावाकडे समजलं जातं.

आता दुसरी बाजू. वणी ज्या वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात सास्ती आहे. तिथली खाण आणि आपल्या उकणी-मुंगोलीच्या खाणी एकाच कोळसा कंपनीच्या. या सास्तीत १९८६ साली चित्रकार प्रभाकर पाचपुते जन्मले. घरची माणसं खाणीत राबलेली. खैरागढला आणि मग बडोद्याला ते शिल्पकला शिकले आणि २०१२ साली मुंबईत कुलाब्याच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन झालं. खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पूर्वी पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी खाली नेत, त्याचं नाव त्या प्रदर्शनाला होतं. कोळशाने थेट भिंतीवर काढलेली माणसं, डोक्याच्या जागी दिवा किंवा अवजार, पोखरलेली जमीन, जनावरं. पुढे २०१४ ला साओ पावलोच्या आणि २०१५ ला इस्तंबूलच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचं काम गेलं. २०२१ मध्ये वेल्समधलं आर्टेस मुंडी पारितोषिक त्या वर्षीच्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आलं, त्यांत ते एक होते. वेल्स हाही खाणकामगारांचाच मुलूख.

क्लार्क हाउस ही जागा कशी होती, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं. रिगल सिनेमाच्या चौकाजवळ, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वी कचेरी असलेल्या खोल्या. २०१० साली सुमेश शर्मा आणि झाशा कोला यांनी तिथे काम सुरू केलं. संगमरवर नाही, उंच छत नाही. पण अमोल पाटील, योगेश बर्वे, रूपाली पाटील यांच्यासारखी कामगारवस्त्यांतून आणि लहान गावांतून आलेली मुलं तिथे भिंतीवर काम करू शकली, एकमेकांचं काम पाहून भांडू शकली. अमोल पाटील २०२२ ला जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनापर्यंत गेले. पुण्यात शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन असंच, छोट्या रंगमंचाला लागून असलेलं. नाटकाला आलेला माणूस जाता जाता चित्रापाशी थांबतो. लहान खोलीचा गुण हाच की तिथे चित्र जवळून पाहावं लागतं. मोठ्या दालनात दुबळं चित्रही उजेडात तरून जातं, खोलीत ते लगेच उघडं पडतं.

पाचपुत्यांच्या कामाबद्दल माझं एक मत आहे, ते मांडतो. त्यांची भिंतीवरची चित्रं मला कॅनव्हासवरच्या चित्रांपेक्षा जास्त खरी वाटतात. प्रदर्शन संपलं की भिंतीवर पांढरा रंग फिरतो आणि माणसं पुसली जातात. खाणीसाठी उठवलेल्या गावाचं हेच होतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. कॅनव्हासवर आले की तेच आकार थोडे देखणे होतात, घरात टांगण्याजोगे होतात. दूरच्या संग्रहालयात खाण हे एक प्रतीक होऊन जातं, पृथ्वीच्या शोषणाचं. ते चूक नाही. पण वणीच्या माणसाला खाण म्हणजे पाळी, डंपर, घुग्घुसच्या रस्त्यावरची धूळ, जमिनीच्या बदल्यात लागलेली नोकरी आणि त्या नोकरीवरून भावाभावांत झालेलं वैर. हा प्रेक्षक चित्रासमोर उभा राहिला तर पहिलाच प्रश्न विचारेल, हा कोळसा आपला आहे का? नाही. आपला दगडी, कागदावर टोचणारा. चित्रकाराचा लाकडी, बोटाने पसरणारा. या एका प्रश्नातून किती मोठी चर्चा निघू शकते! ती साओ पावलोत निघणार नाही. ती इथेच निघू शकते, आणि इथे त्या चित्रांसाठी भिंत नाही. मला याचं दुःख आहे.

असे प्रयत्न महाराष्ट्रात झालेच नाहीत असं नाही. औंधसारख्या छोट्या गावात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली चित्रसंग्रहालय उभं केलं, रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प डोंगरावर नेलं. २००८ च्या सुमारास सुधीर पटवर्धन यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन मुंबईबाहेरच्या शहरांत नेलं, मूळ चित्रं, मराठीतून ओळख करून देत. प्रसिद्धीच्या शिखरावरच्या चित्रकाराने आपला वेळ यासाठी द्यावा ही मला अजून दुर्मीळ गोष्ट वाटते. पण फिरतं प्रदर्शन फिरून जातं. पाऊस येऊन गेल्यावर पाणी धरायला तळं लागतं.

पाहणारा डोळा आपल्याकडे नाही, हे म्हणणं मला मान्य नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा पाहा. पोरं लाकडी बैल घेऊन येतात. कुणाचा पिढीजात सागवानी, कुणाचा नवा रंगवलेला. आजूबाजूचे म्हातारे वशिंडाची उंची बघतात, शिंगांचा बाक बघतात, मानेचा तोल बघतात आणि बेगडाला न भुलता निकाल देतात. मी अनेक कलासमीक्षकांना इतकं नेमकं बोलताना ऐकलेलं नाही. शेजारच्या मारेगाव-झरी भागातल्या कोलाम घरांत विणलेल्या बांबूच्या टोपल्या बाजारात हातात घेऊन बाई वीण कशी पारखते तेही बघावं. हीच नजर समकालीन चित्रापर्यंत न्यायची आहे. त्यासाठी चित्र तिच्या वाटेवर असायला हवं.

म्हणून मोठ्या कलाभवनाची मागणी मी करत नाही. एक खोली हवी, बाजारपेठेच्या जवळ, तळमजल्यावर, दार रस्त्याकडे उघडणारी. एकेक प्रदर्शन महिनाभर राहावं. वेळ संध्याकाळची असावी, पहिली पाळी सुटलेला कामगार घरी जाऊन, आंघोळ करून येऊ शकेल अशी. फीत नको. चित्रकाराने दर रविवारी तिथे बसावं आणि येणाऱ्याशी बोलावं. वर्षातून दोनदा मुंबई-बडोद्याचं काम यावं, बाकीचे महिने इंटरमिजिएट होऊन थांबलेल्या मुलामुलींचे. आणि भिंत राजूरच्या चुन्याने रंगवावी. तिथल्या भट्ट्यांचा पांढरा चुना आपल्या हाताशीच आहे, आणि कोळशाची रेघ चुन्यावर जशी उठते तशी महागड्या रंगावर उठत नाही. प्रदर्शन संपलं की पुन्हा एक हात मारायचा.