ओवीतले माळरान आणि नकाशातली पडीक जमीन

बिबवेवाडीच्या टेकडीवरून दक्षिणेकडे पाहिले की कात्रजपासून दिवे घाटाकडे गेलेली भुलेश्वरची डोंगररांग दिसते. ती ओलांडली की कऱ्हेचे खोरे लागते. सासवड, जेजुरी, पुढे सुपे आणि बारामती, असा हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख आहे. उतारांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ. या प्रदेशाबद्दल आपण वर्गात काय सांगतो? येथे पूर्वी घनदाट जंगल होते, माणसाने ते तोडले, गुरांनी उरलेसुरले खाल्ले आणि माळ उघडा पडला. मग पहिला पाऊस झाला की मुलांना टेकडीवर नेऊन खड्डे खणायचे. विद्यार्थिदशेत आम्हीही असे खड्डे खणले आहेत, आणि तेव्हा त्यात काही चूक असेल अशी शंकाही आम्हाला आली नव्हती.

ही शंका घ्यायला लावणारा एक शोधनिबंध २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक आहेत आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील. पश्चिम महाराष्ट्रातील विरळ झाडांची गवताळ राने, म्हणजे सॅव्हाना, किती जुनी आहेत हा त्यांचा प्रश्न. उत्तर शोधण्यासाठी ते प्रयोगशाळेत गेले नाहीत, तर जुन्या मराठी साहित्याकडे वळले. तेराव्या शतकातील महानुभावांच्या चरित्रग्रंथांपासून लोककथा आणि ओव्यांपर्यंतच्या मजकुरात रानाचे वर्णन कसे येते, कोणत्या झाडांची नावे येतात, हे त्यांनी तपासले. एकूण ४४ रानटी वनस्पती सापडल्या. त्यांपैकी २७ सॅव्हानाच्या खुणा मानाव्यात अशा, १४ कोठेही वाढणाऱ्या आणि जंगलाच्या म्हणता येतील अशा अवघ्या ३. तरटीसारखी काटेरी झाडे या साहित्याच्या ओळखीची आहेत. निष्कर्ष असा की हा मोकळा, काटेरी प्रदेश निदान ७५० वर्षे तरी असाच आहे.

निबंधाचे पहिले श्रेय असे की त्याने मराठी साहित्याला साक्षीदार म्हणून उभे केले. गुंथर सोंथायमर यांच्यासारख्या अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या जमवल्या, त्या देवतांचा आणि लोकधर्माचा अभ्यास म्हणून. त्यांतले रान वनस्पतिशास्त्रज्ञाने वाचावे ही कल्पना नवी आहे. शब्दांची साक्ष एकटी पुरत नाही हेही लेखक जाणतात. म्हणून ब्रिटिश काळातील चित्रे, महसुली नोंदी, वीरगळ, प्राण्यांचे अवशेष आणि परागकण यांच्याशी ती ताडून पाहिली आहे. जमीन मोजणारा ज्याप्रमाणे दोन-तीन ठिकाणांहून एकच खूण पाहतो, तशी ही पद्धत आहे.

तरीही काही प्रश्न उरतात. पहिला प्रश्न आमच्या गावाच्या नावातूनच सुचतो. बिबवेवाडी म्हटले की बिबव्याचे झाड आठवते. बिबवा हा पानझडी जंगलातला वृक्ष. म्हणून येथे जंगल होते असे म्हणायचे का? गावाचे नाव आडनावावरूनही पडू शकते. झाडावरूनच पडले असे मानले, तरी नाव विपुलतेमुळे पडते की दुर्मिळतेमुळे? चहूकडे माळ असताना एखादेच मोठे झाड असेल तर तीच गावाची खूण ठरते. साहित्याचेही असेच आहे. कवी आणि चरित्रकार उल्लेखनीय गोष्टीची नोंद करतात. पायाखालच्या गवताची नोंद कोण करणार? तेव्हा ४४ नावांची टक्केवारी ही रानाची शिरगणती नव्हे. ती दिशा दाखवते, प्रमाण नव्हे. वाचकाने हा फरक विसरू नये.

दुसरा प्रश्न काळाचा. ७५० वर्षांचा पुरावा एक गोष्ट नक्की खोडून काढतो: ही माळराने इंग्रजांच्या काळातील वृक्षतोडीतून जन्मली, हा समज. पण ती माणसाआधीची आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही. शिरूर तालुक्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली आहे. म्हणजे ओव्यांच्या कितीतरी आधी येथे नांगर, गुरे आणि आग होती. गवताळ प्रदेश स्वतः मात्र याहून फार जुने असू शकतात. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांच्या जुन्या मातीतील कार्बनवरून तेथे उष्ण प्रदेशातील गवते सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी पसरल्याचे कळते. दख्खनसाठी या दोन टोकांमधली कडी जोडायची तर ओवी पुरणार नाही. त्यासाठी परागकण आणि मातीच लागेल.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी तो या निबंधाचा विषय नसला तरी. माळ जुना आहे हे कळले. मग तो नाहीसा का होतो आहे? १८८५ साली निरा डावा कालवा सुरू झाला आणि त्या पट्ट्यात माळाच्या जागी ऊस आला. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर मूळच्या मध्य अमेरिकेतल्या गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. शब्दांनीही काम केले. महसुलाच्या दृष्टीने जी जमीन कर देत नाही ती पडीक. २००० साली निघालेल्या भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन याच सदरात आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर झाडांचे छत्र दहा टक्के असले की ते वनाच्छादन ठरते, मग ती झाडे कोणतीही असोत. म्हणजे गिरिपुष्पाची लागवड जमेस धरली जाते आणि लांडगा, चिंकारा व मेंढपाळ ज्यावर जगतात ते गवत खर्ची पडते. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखले आहे, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे.

हे समजण्यासाठी वनस्पतिशास्त्र आणि साहित्य यांच्या जोडीला महसूल, पाटबंधारे आणि चराईचे हक्क जाणणारा माणूस हवा. अशी जोडी नवी नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा, एक परिस्थितिविज्ञानाचे आणि दुसरे मानवशास्त्राचे अभ्यासक, यांनी १९८२ साली गवळी धनगरांवर संयुक्त निबंध लिहिला होता. या निबंधाच्या पुढचे पाऊल त्या वाटेने पडावे अशी आमची अपेक्षा आहे.

शिक्षकांनी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. या पावसाळ्यात खड्डे खणण्यापूर्वी मुलांना एक मीटर लांबी-रुंदीचा दोरीचा चौकोन माळावर टाकू द्यावा आणि त्यात किती जातींची गवते व फुले आहेत हे मोजू द्यावे. तसाच चौकोन गिरिपुष्पाच्या सावलीत टाकावा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. घरी आजीला रानाची गाणी आणि झाडांची नावे विचारून वहीत उतरवावीत. मग येथे झाडे लावायची की नाही, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात झाडे जरूर लावावीत. पण जो माळ रिकामा दिसतो तो रिकामा नसतो, एवढे मुलांनी स्वतः मोजून पाहिले तरी या निबंधाचे चीज झाले असे आम्ही मानू.